शिबिर गाजलं, पण जूननंतर मुलं कुठे गेली?

पत्र थोडक्यात: गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, एका ताईंचं पत्र आलंय. चौतीस वर्षांच्या आहेत, कुंडईला नोकरी करतात आणि गेली काही वर्षं मंडळीच्या तरुण संघाचं मे महिन्यातलं शिबिर त्याच बघतात. मागच्या वर्षी १३ ते १८ वयाची ५८ मुलं आली, तीन रात्रींचं शिबिर झालं, शेवटच्या रात्री शेकोटीभोवती मुलं रडली, येशूला स्वीकारतोय म्हणून ३१ जणांनी हात वर केले, व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला आणि पाळकसाहेबांपासून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपर्यंत सगळे म्हणाले की असं शिबिर आजवर झालं नव्हतं. गणेश चवथीपर्यंत तरुण संघात सहा मुलं उरली, त्यातली चार आधीपासूनच येणारी. आता पंच कमिटी म्हणते या वर्षी शंभर मुलं आणू, समुद्राजवळचं रिसॉर्ट घेऊ, मुंबईहून बँड बोलावू, फी दुप्पट झाली तरी चालेल. काही मुलांना आपले हिंदू मित्र आणायचेत, त्यावरून मंडळीत दोन तट पडलेत. ताई विचारतात, शिबिर खरंच यशस्वी करायचं तर काय करू, की यंदा दुसऱ्या कुणाकडे सोपवून बाजूला होऊ? आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीय: मागच्या वर्षी एक पंधरा वर्षांची मुलगी रात्री आमच्या एका लीडरला घरातलं काहीतरी सांगत होती, लीडर पण विशीतलीच, ती घाबरली आणि म्हणाली चल आपण प्रार्थना करू, मग तो विषय राहिलाच.

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते, रिसॉर्ट आणि बँड नंतर. ती मुलगी काय सांगत होती हे अजून कुणालाच माहीत नाही. आईबाबांची भांडणं असतील, बाबांचं पिणं असेल, त्याहून वाईटही काही असेल. अंदाज बांधत बसायचं नाही, पण विसरूनही चालणार नाही. या आठवड्यात तुम्ही स्वतः तिला भेटा, त्या विशीतल्या लीडरला एकटीला पाठवू नका, आणि भेट तिच्या घरी ठेवू नका कारण विषयच घरातला आहे. तिचा विश्वास असलेली मंडळीतली अजून एखादी बाई जवळपास असू दे. एवढंच म्हणा की तू त्या रात्री काही सांगत होतीस आणि आमच्याकडून ऐकायचं राहिलं, आज मी ऐकायलाच आलेय. ती नको म्हणाली तर ताणू नका, तुमचा नंबर द्या, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर द्या, तो दिवसरात्र चालू असतो आणि फुकट आहे, आणि पंधरा दिवसांनी परत सहज भेटा. आणि ती बोलायला लागली तर मध्ये मध्ये खोदून विचारू नका, असं कसं झालं, तू का गेलीस, आधी का नाही सांगितलंस, यातलं काहीही नको. शांतपणे ऐका, सांगितलंस ते बरं केलंस म्हणा, आणि घरी गेल्यावर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. मुलं ते मागतातच, आणि प्रेमापोटी आपण देऊन बसतो. त्याऐवजी म्हणा की मी हे चारचौघांत करणार नाही, पण तुला धोका आहे असं वाटलं तर मदत करणाऱ्यांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन. कायदाही तसाच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसं होईल अशी भीती वाटली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात पाळक, पंच, लीडर कुणालाही सूट नाही. गोव्यात तर २००३ पासून मुलांसाठीचा राज्याचा वेगळा कायदा आहे आणि खास बाल न्यायालय आहे. मंडळीत बसून मिटवू, नाव जाईल, मुलीचं लग्न अडेल, हे सगळं तुम्हाला ऐकवलं जाईल ताई, म्हणून आधीच सांगून ठेवते की मिटवण्याचा अधिकार मंडळीकडे नाहीच.

हे मी एवढं ताणून लिहितेय त्याला कारण आहे. इंग्लंडमध्ये चांगल्या घरच्या शाळकरी मुलांसाठी ख्रिस्ती उन्हाळी शिबिरं चालायची, नाव मोठं, त्यातून पुढे कितीतरी पाळक आणि बिशप तयार झाले, म्हणजे कुठल्याही फूटपट्टीनं यशस्वीच. त्याच शिबिरांच्या कामात जॉन स्माइथ नावाचा एक वकील होता, धार्मिक, वजनदार, आणि १९७० च्या दशकात तिथल्या मुलांना तो आपल्या घरी नेऊन शिस्तीच्या नावाखाली अमानुष मारहाण करत होता. १९८२ मध्ये शिबिराच्या लोकांनी त्याची चौकशी करून अहवालसुद्धा लिहिला आणि तो दाबून ठेवला, कारण काम बंद पडेल अशी भीती. हा माणूस पुढे झिम्बाब्वेला गेला आणि तिथेही मुलांची शिबिरंच चालवायला लागला. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दलचा सविस्तर अहवाल बाहेर आला तेव्हा इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बींना, राजीनामा द्यावा लागला. ज्यांना तेव्हा गप्प राहणं योग्य वाटलं ती वाईट माणसं नव्हती, शिबिरावर त्यांचं प्रेम होतं. म्हणून तुमच्या शिबिराचे नियम फॉर्मवर छापा आणि पालकांच्या हातात द्या: बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल असं कधीच नसेल, समुपदेशन दुसऱ्यांना दिसेल अशा जागी होईल, मुलामुलींच्या झोपायच्या जागा वेगळ्या आणि दोन्हीकडे दोन-दोन मोठी माणसं रात्रपाळीला, लीडर मुलांना रात्री खासगी मेसेज करणार नाहीत, आणि तक्रार करायची तर मंडळीबाहेरच्या एका बाईंचा नंबर. पाळकसाहेबांनाही हेच नियम लागू. त्यांना राग येणार नाही, आणि आला तर त्याबद्दल बोलायला हवं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मला विचाराल तर मागच्या शिबिरातली सगळ्यात यशस्वी गोष्ट त्या ३१ हातांत शोधू नका. एका मुलीला वाटलं की इथे कुणाला तरी सांगता येईल, ही ती गोष्ट आहे, आणि नेमकी तीच अर्धवट राहिली. तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला पटत नाही, ते असं की शिबिर छान झालं पण नंतर मुलं टिकली नाहीत, म्हणजे पुढचं शिबिर अजून भारी करायला हवं. मुलं शिबिराला कंटाळून गेली असती तर हे बरोबर होतं. ती शिबिरावर खूश होती. जूनमध्ये परत आल्यावर तरुण संघात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, ज्या लीडरशी जमलं तो पुण्याला परत गेला, रविवारी मागच्या बाकावर बसून उपासना संपली की घरी. शंभर मुलांचं रिसॉर्ट हे दुखणं कसं बरं करणार ते मला कळत नाही.

शेवटच्या रात्रीबद्दलही बोलू. तुम्ही वेळापत्रक सोबत पाठवलंत ते मी बघितलं, पहाटे साडेपाचला उठून प्रार्थना आणि रात्री साडेबाराला दिवे बंद, तेही कागदावर, प्रत्यक्षात मुलं दोन वाजेपर्यंत गप्पा मारतातच. १३ ते १८ वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचं घड्याळ आपोआप उशिराकडे सरकलेलं असतं, आळस म्हणून ते उठत नाहीत असं नसतं. तीन दिवस अर्धी झोप, मे ची दमट उष्णता, जिवाभावाचे मित्र उद्या दुरावणार ही हुरहूर, वरून अंधार, आग आणि गाणं. मुलं रडणारच. ते रडणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, पवित्र आत्मा दमलेल्या मुलाशीही बोलतो हे मी मानते. पण आपणच परिस्थिती अशी तयार केली असेल तर त्या रात्रीचे हात मोजून यश ठरवणं मला मुलांवर अन्याय वाटतो. आंब्याला मोहोर भरपूर आला म्हणून कुणी तेवढ्या पेट्या विकायला काढत नाही. मोठा निर्णय घ्यायला बोलवायचं असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर बोलवा, झोप झालेली असताना, उजेडात, आणि हात वर करायला सांगू नका, ज्याला बोलायचंय त्यानं आपल्या गटाच्या लीडरकडे जावं, आणि बाप्तिस्म्याचा किंवा दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) विषय निघाला तर घरी आईबाबांना बसवूनच पुढे जावं. संख्या कमी होईल. शेकोटी ठेवा, गाणी म्हणा, भाजलेली कणसं खा, साडेदहाला झोपवा. लाऊडस्पीकर तर तसाही रात्री दहानंतर कायद्यानंच बंद करावा लागतो.

शुभवर्तमानात प्रभूचा पोरवयातला प्रसंग एकच आहे, लूकच्या दुसऱ्या अध्यायातला, बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलाय, ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. किशोरवयीन मुलांच्या शिबिराचा आराखडा करताना मला नेहमी इथूनच सुरुवात करावीशी वाटते. आपल्याकडे दिवसाला चार संदेश असतात आणि प्रश्नांना पाच मिनिटं, तेही जेवणाची घंटा वाजत असताना. उलटं करून बघा. दिवसाला एकच संदेश, वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि त्यावर तासभर गटात बसणं, सहा-सात मुलं आणि एक लीडर. एक खोका ठेवा ज्यात नाव न लिहिता प्रश्न टाकता येतील आणि रोज रात्री त्यातले प्रश्न न गाळता घ्या. माझे मित्र ख्रिस्ती नाहीत त्यांचं काय होणार, प्रार्थना करून पण आजी का गेली, बॉयफ्रेंड असणं पाप आहे का, बाबा चर्चमध्ये एक आणि घरी एक असे का वागतात. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. असा लीडर मुलांना आवडतो आणि त्याच्याकडे ती परत येतात.

म्हणजे सगळा भार लीडरवर आला, आणि खरी मेहनत तिथेच घ्यायची आहे. लीडर निवडताना गाणं येतं का, बोलणं छान आहे का, हे बघू नका, आधी एकच विचारा: जून ते डिसेंबर गोव्यात आहेस का? चार दिवसांसाठी बाहेरून येणारी बायबल कॉलेजची मुलं गोड असतात, त्यांना संदेश द्या, खेळ द्या, गट मात्र देऊ नका. गट त्यालाच द्या जो जूनच्या पावसात रेनकोट घालून मुलाच्या घरी जाईल. आणि यावरूनच मुलांचा आकडा काढा. सहा महिने राहणारे सहा लीडर तुमच्याकडे असतील तर गुणिले सहा, छत्तीस मुलं. शंभर हवीत तर असे सोळा-सतरा लीडर आधी दाखवा, हे पंचांना सरळ सांगता येईल, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. लीडर सगळे विशीतलेच नकोत, चाळिशी-पन्नाशीतल्या दोन-तीन बायका-पुरुष हवेतच, मुलांना ते चालतात, आपल्यालाच उगाच वाटतं की चालणार नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये काही शनिवार संध्याकाळी या सगळ्यांना बसवून शिकवा, बायबल शिकवायचं कमी आणि ऐकायला शिकवायचं जास्त, आणि मूल काही भयंकर सांगायला लागलं तर नेमकं काय म्हणायचं हे एकमेकांबरोबर बोलून सराव करून घ्या. त्या विशीतल्या मुलीला कुणी शिकवलंच नव्हतं, तिला दोष देऊ नका, तिलाही जवळ घेऊन हे सांगा.

रिसॉर्टबद्दल माझं मत विचारलंत तर नको. बार असतो, इतर पाहुणे असतात, गेट तुमच्या ताब्यात नसतं, मुलं कुठल्या खोलीत आहेत हे रात्री अकराला कळत नाही. मे मध्ये शाळांची वसतिगृहं रिकामी असतात, चर्चची रिट्रीट हाऊस असतात, मधल्या वारी घेतलं तर स्वस्तात मिळतात, फक्त पंखे, पाणी आणि संडास किती आहेत ते स्वतः जाऊन मोजा. समुद्राचा मोह मला कळतो, आणि ख्रिस्ती मुलांच्या कामाचं आणि किनाऱ्याचं नातं जुनंच आहे, १८६८ मध्ये वेल्समध्ये लँडुडनोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स नावाच्या माणसानं वाळूत "देव प्रीती आहे" एवढंच लिहिलं आणि सुट्टीवर आलेल्या मुलांना ती अक्षरं शिंपल्यांनी सजवायला लावली, त्यातूनच पुढे मुलांच्या सभा आणि शिबिरं उभी राहिली. त्याला रिसॉर्ट लागलं नव्हतं. तुम्हीही एक संध्याकाळ किनाऱ्यावर न्या, जिथे 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक आहेत तिथेच, ते ड्युटीवर असताना, लाल बावटा असेल तर पाय पण भिजवायचे नाहीत, आणि पाण्यात किती गेले किती आले हे मोजणारा एक माणूस काठावर उभा. नदीत, धबधब्यावर आणि चिऱ्याच्या जुन्या खाणींत पोहायला अजिबात नाही, लीडरनी आग्रह केला तरी. गोव्यात अशा खाणींत पोरं बुडून जातात.

बँडबद्दल: तुमच्याच मुलांत कुणीतरी कीबोर्ड वाजवतं, कुणी गिटार, एखादा तबला शिकतोय. चुकत वाजवतील पण जूनमध्ये तीच मुलं रविवारच्या उपासनेत वाजवायला असतील. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन नव्या चालीत बसवायला सांगा, मुलं ते आवडीनं करतात. भाषेचं मात्र लक्ष ठेवा. आपली मुलं घरी मराठी, रस्त्यावर कोंकणी, शाळेत पाचवीपासून इंग्रजी, त्यामुळे जुन्या भाषांतरातला उतारा देवनागरीत मोठ्यानं वाचायला लावला की हुशार मूलही अडखळतं, लाजतं आणि गप्प बसतं, आणि आपल्याला वाटतं त्याला वचनात रस नाही. सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, गाण्यांचे कागद रोमन लिपीत पण काढा. यात कमीपणा वाटू देऊ नका. गोव्यात राहिलेल्या इंग्रज धर्मगुरूंचं, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, मराठी ओव्यांचं, १६१६ मध्ये राचोलला पहिल्यांदा छापलं गेलं ते रोमन लिपीतच. राचोल तुम्हाला बोरीचा पूल ओलांडला की जवळच आहे, एक दुपार मुलांना तिथे घेऊन जा, आपण बाहेरून आलेली मंडळी आहोत असं ज्या मुलांना वाटतं त्यांना चारशे वर्षांपूर्वी इथेच मराठीत ही कथा गायली जात होती हे कळू दे.

तारखेचं म्हणाल तर गोव्यात २०२५ पासून सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणजे हातात फक्त मे. त्यात अर्धी घरं गावाला जाणार, साताऱ्याला, कोल्हापूरला, नगरला, आणि मंडळीतली लग्नंही मे मध्येच. पाऊस साधारण ५ जूनला येतो पण २०२५ मध्ये मे च्या शेवटच्या आठवड्यातच आला होता, तेव्हा महिन्याच्या शेवटावर भिस्त ठेवू नका. मे चा पहिला आठवडा-दहा दिवस बघा, आणि तारीख फेब्रुवारीतच जाहीर करा, कारण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एकदा तिकिटं निघाली की तुमचं शिबिर कितीही चांगलं असो, आईबाबा तिकीट रद्द करत नाहीत. बारावीचं कुणी नीटला बसणार असेल तर त्याची परीक्षा कधी आहे तेही विचारून घ्या, ती मे च्या सुरुवातीलाच येते. दुपारी अकरा ते चार मैदानावर काही नको. प्रत्येक मुलाचा आजाराचा फॉर्म हवा, दमा, फिट, गोळ्या, आणि मासळीची, विशेषतः सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी, हे गोव्यात विचारायलाच हवं. मुलींसाठी पॅड्स बाईंकडे असू देत. गाडी एक कायम उभी, आणि १०८ सगळ्यांना पाठ.

फी दुप्पट करू नका ताई. वेर्ण्याच्या कारखान्यांत किंवा बंदरात कंत्राटावर काम करणाऱ्या बाबांचा मुलगा पैसे नाहीत असं कधी सांगणार नाही, तो सांगेल आम्ही गावाला चाललोय. एकूण खर्च काढा, त्याला येणाऱ्या मुलांच्या पाऊण आकड्यानं भागा म्हणजे ऐनवेळी गळणाऱ्यांची सोय होते, आणि फी बंद पाकिटात घ्या, ज्याला जमेल तेवढं, कुणी किती दिले हे फक्त एका माणसाला माहीत. टी-शर्ट नको, त्या पैशात तीन-चार मुलं येतात.

हिंदू मित्रांवरून तट पडलेत म्हणालात. माझं मत असं की यायला हवं असेल तर येऊ द्या, पण काहीही झाकून नाही. पालकांच्या नावानं पत्र, त्यात स्वच्छ लिहिलेलं की हे ख्रिस्ती शिबिर आहे, इथे रोज बायबल अभ्यास आणि प्रार्थना असते, आणि त्यावर आई किंवा बाबांची सही, शक्य तर फोनवर बोलून. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट कॅम्प वगैरे नाव देऊन बोलावणं मला अप्रामाणिक वाटतं आणि शेजाऱ्यांशी असं वागू नये. अठरा वर्षांखालच्या दुसऱ्या घरच्या मुलाकडून शिबिरात कुठलाही निर्णय, शपथ, सही, हात वर करणं मागायचं नाही, प्रार्थनेच्या वेळी बसून राहिला तर राहू दे, त्याला प्रश्न असतील तर उत्तरं द्या, त्याच्या घरच्या देवाबद्दल वावगा शब्द कुणी काढायचा नाही. ज्या पंचांचा विरोध आहे त्यांची भीती खोटी नाही, सध्याचं वातावरण बघता एखादा व्हिडिओ कसाही फिरू शकतो, म्हणून मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ काढूच नका, रडणाऱ्या मुलांचे तर नाहीच. मोठेपणी त्या मुलाला तो व्हिडिओ नको असू शकतो. आणि कुणी परदेशी ख्रिस्ती बंधू सुट्टीवर आलेत, त्यांना संदेश द्यायला सांगू, असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा, टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराचं काम करता येत नाही, त्रास त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही होईल.

शिबिरानंतरचं मी शिबिराआधीच ठरवून ठेवायला सांगेन. घरी निघायच्या आधी प्रत्येक मुलाला माहीत हवं की माझा लीडर मला कधी भेटणार आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक भेट, चहा घ्यायचा, आईबाबांशी बोलायचं. प्रत्येक मुलाला मंडळीत एक खरं काम, साउंड बघणं, गाण्यांच्या स्लाइड लावणं, लहानांच्या संडे स्कूलला मदत, आजींना कदंबाच्या बसपर्यंत सोडणं, काहीही, पण त्याच्याशिवाय अडेल असं. महिन्यातून एकदा गट भेटू दे, फुटबॉल खेळून मग बायबल उघडलं तरी चालेल. आणि चवथीच्या सुट्टीत शाळा बंद असतात, आपली मुलं घरी मोकळीच असतात, तेव्हा दोन दिवस सगळ्यांना परत बोलवा, मंडळीच्या हॉलमध्येच, शीत-कडी (भात-आमटी) करून. नेमकी तिथेच मागच्या वर्षी तुमची गळती दिसली, तर तिथेच गाठ बांधा.

आता बाजूला होऊ का, याचं उत्तर. दमलाय हे पत्रातून कळतंय, नोकरी, घर आणि ५८ मुलांचा स्वयंपाक, हिशोब, फॉर्म, बस सगळं एकटीनं. शिबिर सोडू नका, ही बाकीची कामं सोडा. लीडर निवडणं आणि त्यांच्या पाठीशी राहणं एवढंच हातात ठेवा, आणि या वर्षी तीस-पस्तीसच मुलं घ्या. स्वयंपाकघर, पैसे आणि गाड्या ज्या पंचांना शंभर मुलं हवी आहेत त्यांच्याकडे द्या, त्यांची कळकळ खरी आहे आणि माणसं जमवायची ताकदही त्यांच्याकडे आहे. बैठकीत ते आकडा मागतील तर म्हणा, मे मध्ये मी आकडा देणार नाही, चवथीनंतर देईन, प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला ओळखणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहून. आणि त्यांच्यातल्या दोघांना तीनही रात्री शिबिरातच राहायला बोलवा, भाषणासाठी नको, मुलांबरोबर पंगतीला बसून जेवायला.